चुलीचा धूर जातो कुठे?

आमच्या घरात माझ्याअगोदर कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले आहे. लाइटबिल, रेशनकार्ड, भिशीची वही, आणि गेल्या पावसाळ्यात आईच्या छातीच्या तपासणीचा कागद. पहिले तीन मला कळतात. चौथा कळला नाही. त्यावर इंग्रजी अक्षरे, काही आकडे आणि एक वाकडी रेघ होती. तपासताना डॉक्टरांनी आईला विचारले होते, "मावशी, विडी ओढता का?" आई एवढी दचकली की तिला ठसकाच लागला. "अगं बया! मी कशाला ओढू?" मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "स्वयंपाक कशावर करता?"

त्या दुसऱ्या प्रश्नाचा पाठलाग करता करता हा लेख झाला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. फुफ्फुस हा काही आमच्या अभ्यासक्रमातला विषय नव्हे. चूकभूल जाणकारांनी सांभाळून घ्यावी.

माधवनगर म्हटले की लोकांना यंत्रमागांचा खडखडाट आठवतो, आणि प्रदूषण म्हटले की कारखान्याचे धुराडे. स्वयंपाकघर कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. आमच्याकडे चुलीत काय जात नाही? बाभळीचे फाटे, तुराट्या, शेणी, उसाची चिपाडे, मिळेल ते. सकाळी अंघोळीचे पाणी, मग भाकऱ्या, मग कालवण. संध्याकाळी पुन्हा तेच.

धूर म्हणजे काय, हे मला आजवर ठाऊक नव्हते. लाकूड सरळ जळत नाही. आधी त्यातले पाणी उडते. मग तापलेल्या लाकडातून वायू सुटतात, आणि आपण जिला ज्योत म्हणतो ती या वायूंची असते. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी आच मिळाली तर ते जळून जातात. नाही मिळाली तर तेच वायू आणि काजळीचे कण धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे धूर हे अर्धवट राहिलेले जळणच. ओल्या लाकडाची बरीचशी आच पाणी उडवण्यातच खर्ची पडते, म्हणून पावसाळ्यात घर धुराने भरते. मग आई फुंकणी घेते. फुंकायला तोंड चुलीजवळ न्यावे लागते, आणि फुंकून छाती रिकामी झाली की पुढचा खोल श्वास तिथेच घेतला जातो. हे मी लहानपणापासून पाहत आले, पण त्याचा अर्थ आत्ता लागला.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कोंडलेल्या चुलीपुढे डोके दुखते त्याचे हेही एक कारण. पण खरा शत्रू म्हणजे बारीक कण. केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढे, किंवा त्याहूनही लहान. 'पीएम २.५' म्हणतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली मर्यादा अशी की, दिवसभराच्या सरासरीने एक घनमीटर हवेत हे कण १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. आपल्या सरकारची मर्यादा ६० आहे. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा कित्येक शेकड्यांवर, पुष्कळदा हजारावरही जातो.

आता हे कण जातात कुठे? फुफ्फुस म्हणजे उलटे धरलेले झाड समजा. श्वासनलिका हे खोड. तिला फांद्या, त्यांना डहाळ्या, आणि टोकाला पानांऐवजी हवेच्या इवल्या पिशव्या. अशा पिशव्या माणसाला तीस ते पन्नास कोटी असतात. मोठी धूळ नाकातच अडते. मधल्या नळ्यांना आतून चिकट लेप असतो आणि सूक्ष्म केस तो लेप सतत वर ढकलत राहतात. तोच आपण खाकरून टाकतो. बारीक कण मात्र हे सारे पहारे चुकवून थेट पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात. दोन-चार दिवसांचा धूर असता तर त्यांनी निभावून नेले असते. पण रोज दोन वेळा, वीस-पंचवीस वर्षे? धुराने केस लुळे पडतात, कफ साठतो, आतली सूज कायमची होते, नळ्यांच्या भिंती जाड होऊन आतली वाट अरुंद होते. काहींच्या पिशव्यांच्या भिंतीही विरतात. परिणाम असा की हवा आत जाते, पण बाहेर पडायला वाट मिळत नाही. आई म्हणायची, "श्वास येतोय, पर सुटत न्हाई." तिने रोगाचे वर्णन कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमके केले होते.

कागदावरची वाकडी रेघ हीच. छाती भरून घेऊन नळीत जोराने फुंकायचे. एकूण बाहेर पडलेल्या हवेपैकी पहिल्या एका सेकंदात किती पडली, ते यंत्र मोजते. नळ्या रुंदावण्याचे औषध देऊनही हा वाटा सत्तर टक्क्यांच्या खाली राहिला, तर वाट कायमची अडली आहे असे धरतात. या रोगाला 'सीओपीडी' म्हणतात. दम्यात नळ्या आवळतात आणि पुन्हा बऱ्याच मोकळ्या होतात. इथे गेलेले बहुतेक परत येत नाही. पूर्वीच्या एका दवाखान्यात आईला कितीतरी वर्षे 'दमाच आहे' म्हणून खोकल्याच्या बाटल्या मिळाल्या. चुलीचे नाव तिथे कधी निघाले नाही.

वास्तविक हे नाव फार पूर्वीच निघाले होते. १९५९ साली दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्याने फुफ्फुसांच्या रोगामुळे हृदयावर ताण आलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बायका जवळजवळ पुरुषांइतक्याच निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक तर विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. बोट चुलीच्या धुराकडे गेले. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले की, जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेणीचा धूर घेणारे सुमारे तीनशे कोटी. तरी सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात. चुलीवर कोण छापणार? उलट हमरस्त्यावरचे हॉटेलवाले 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी लावतात. चव असेल, पण चुलीमागे बसलेल्या बाईचा उल्लेख त्या पाटीवर नसतो.

उपाय झाले नाहीत असे नाही. १९८३ पासून सरकारने सुधारित चुली वाटल्या. इरावती कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली; तिला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे शेतात जाळून टाकतात ते पाचट! पण थोडा धूर कमी करून भागत नाही. ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुली देऊन पाहिले (अहवाल २०११ चा), तेव्हा बाळांच्या श्वासात जाणारा धूर निम्म्यावर आला, तरी डॉक्टरांनी निदान केलेल्या न्यूमोनियात खात्रीने म्हणावी अशी घट झाली नाही. फक्त गंभीर आजार कमी झाले. म्हणून गॅस हवा. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो पुष्कळ घरांत पोचवला. पण शेगडी एकदा मिळते, सिलिंडर पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. जळण बांधावरून आणता येते. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त बाईचा वेळ पडतो.

त्या दिवशी डॉक्टरांनी मलाही नळीत फुंकायला लावले. माझी रेघ बरी आली. मी आठवीत असताना भाकऱ्या माझ्याकडे होत्या. दहावीला आईने मला चुलीपुढून उठवले होते. "तू हो भाईर, उजेडात वाच जा," म्हणाली होती. मला वाटले होते, अभ्यासासाठी.

आता दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर होतो, पाणी तापवायची चूल अंगणात गेली आहे, आणि आई औषध नळीने ओढते. अंगणातल्या चुलीपुढे अण्णा बसतात. फुंकणी मी माळ्यावर टाकली. आई म्हणते, "असू दे तिथंच. सिलिंडर संपल्यावर लागंल."