यकृत : किती काढावे, किती राखावे?

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पोहोचला, असे कळताच घरातील माणसे हातपाय गाळून बसतात. एके काळी ते अनाठायी नव्हते. आज मात्र काही रोग्यांच्या बाबतीत ती घाई ठरते.

हा रोग यकृतच का गाठतो? आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी एका मोठ्या शिरेने यकृतात येते. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशीही त्या प्रवाहाबरोबर येतात आणि तेथे मूळ धरतात.

यकृत रक्ताने भरलेले. त्याला सुरी लावणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही काळ दाबून धरण्याची युक्ती दाखविली. पुढे १९५७ मध्ये फ्रान्सच्या क्लोद क्वीनो यांनी यकृताचे आठ विभाग वर्णिले. प्रत्येक विभागाचा रक्तपुरवठा व पित्तनलिका वेगळी. म्हणून एक काढला तरी शेजारचा जिवंत राहतो. बांध पाहून शेत नांगरावे, तसे हे काम आहे.

तथापि खरा प्रश्न किती काढावयाचे हा नसून किती उरावयाचे हा आहे. सर्व गाठी काढल्यावर पुरेसे यकृत शिल्लक राहील काय, हे आधी मोजतात. यकृत निरोगी असेल तर सुमारे २० ते २५ टक्के भाग पुरतो. दीर्घ रसायनोपचाराने शिणलेले असेल तर सुमारे ३० टक्के तरी राखावे लागते. हे साधते, कारण यकृत पुन्हा वाढते. हा गुण शस्त्रक्रियेपूर्वीही कामी येतो. काढावयाच्या बाजूची शीर मुद्दाम बंद केली की रक्त दुसऱ्या बाजूस वळते आणि काही आठवड्यांत ती बाजू वाढते. गाठी फार मोठ्या असल्यास रसायनोपचाराने त्या आधी लहान करण्याचा प्रयत्न होतो.

ही शस्त्रक्रिया सर्वांना लागू पडत नाही आणि झाली तरी निम्म्याहून अधिक रोग्यांत रोग परततो. प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. परंतु ज्यांच्या गाठी पूर्णपणे काढता येतात, त्यांपैकी सुमारे ४० टक्के रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात आणि काही कायमचे बरे होतात.

म्हणून तपासणीचा कागद हाती येताच निरवानिरवीला लागू नये. यकृताच्या शस्त्रक्रियांत मुरलेल्या शल्यचिकित्सकाने तो पाहिल्यावाचून निकाल लागला, असे कोणी समजू नये.