सहा जणांचा चेंडू

पुणे शहराच्या पूर्वेस, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हडपसर वसलेले आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, याच परिसरात यशवंतराव होळकरांच्या सैन्याने पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. त्या दिवशी येथे माणसे माणसांवर तुटून पडली होती. आज त्याच हडपसरात शाळेच्या मैदानावर सायंकाळी दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. तेही जिंकण्यासाठी जिवाचे रान करतात. परंतु कोणी प्रतिपक्षाच्या खेळाडूला साधा धक्काही देत नाही. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक जाळे बांधलेले असते. हा खेळ म्हणजे व्हॉलीबॉल होय.

या खेळाचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील होल्योक या गावी झाला. तेथील वाय. एम. सी. ए. या संस्थेत विल्यम मॉर्गन हे व्यायामशिक्षक होते. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रौढ माणसांना बास्केटबॉलमधील धावपळ व धक्काबुक्की सोसत नसे. म्हणून मॉर्गन यांनी टेनिसचे जाळे घेऊन ते सुमारे साडेसहा फूट उंचीवर बांधले आणि हातांनी चेंडू टोलविण्याचा एक नवा खेळ रचला. हा खेळ पुढे जगभर पसरला. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने यात रौप्यपदक मिळविले, आणि १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला.

व्हॉलीबॉलचे क्रीडांगण १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. जाळ्याची वरची कड पुरुषांसाठी २.४३ मीटर, तर स्त्रियांसाठी २.२४ मीटर उंच असते. लहान मुलांसाठी ते याहून खाली बांधतात. प्रत्येक पक्षात सहा खेळाडू असतात. तिघे जाळ्याजवळ व तिघे मागे. मागच्या रेषेबाहेरून एक खेळाडू चेंडू जाळ्यापलीकडे टोलवितो. याला सर्व्हिस म्हणतात. समोरच्या पक्षाने तो चेंडू जमिनीवर पडू न देता परत पाठवावयाचा असतो. चेंडू आपल्या अंगणात पडला, किंवा आपण तो रेषेबाहेर मारला, तर गुण प्रतिपक्षाला मिळतो. निदान दोन गुणांच्या आघाडीने जो पक्ष प्रथम २५ गुण गाठतो, तो डाव जिंकतो. पाचांपैकी तीन डाव जिंकणारा विजयी ठरतो. मात्र पाचवा डाव १५ गुणांचाच असतो.

या खेळाचे मर्म त्याच्या तीन नियमांत आहे. पहिला नियम असा की, चेंडू हातात धरावयाचा नाही. दुसरा असा की, एका पक्षाने चेंडूला तीनच वेळा स्पर्श करून तो पलीकडे धाडावयाचा. तिसरा असा की, एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा चेंडू टोलवावयाचा नाही. म्हणून पहिला खेळाडू दोन्ही हात जोडून मनगटांच्या वरच्या भागावर चेंडू झेलतो व वर उडवितो. दुसरा बोटांच्या टोकांनी तो जाळ्याजवळ उंच चढवितो. तिसरा उडी घेऊन जोराचा टोला हाणतो. टाळ्या तिसऱ्याला मिळतात खऱ्या. परंतु पहिल्या दोघांवाचून त्याचा हात हवेतच फिरला असता.

आणखीही एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रतिपक्षाकडून सर्व्हिस जिंकून घेतली की, सर्व खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. त्यामुळे उंच खेळाडूला मागे जावे लागते आणि बुटका मुलगा जाळ्यापाशी येतो.

समजा, गुण २४-२४ झाले आहेत. चतुर प्रतिपक्ष आपली सर्व्हिस नेमकी कच्च्या खेळाडूवर टाकतो. मघाशी चुकला म्हणून सोबत्यांनी त्याला टाकून बोलले असेल, तर त्याचे हात कापू लागतात आणि हा चेंडूही निसटतो. उलट शेजारचा खेळाडू एक पाऊल त्याच्याकडे सरकून उभा राहिला, तर त्याला धीर येतो. दोघांच्या मधोमध येणारा चेंडू पुष्कळदा तसाच खाली पडतो. कारण तो दुसऱ्याचा आहे, असे प्रत्येकाला वाटते. म्हणून जाणता खेळाडू वेळीच “माझा!” अशी आरोळी देतो. ही आरोळी म्हणजे जबाबदारीचा स्वीकारच होय.

सामना संपतो. तेव्हा दोन्ही पक्ष जाळ्यापाशी येतात आणि जाळ्याखालून एकमेकांचे हात हाती घेतात. खेळ चालू असताना टाळलेला स्पर्श, तो संपल्यावर असा आनंदाने घडतो.