मौनाची मांडणी : बौद्ध चिंतन आणि मांडणशिल्प

मांडणशिल्पात वस्तू एकटी उभी नसते. वस्तू, तिच्या भोवतीचा अवकाश आणि त्यात वावरणारा प्रेक्षक या तिहींची मिळून कलाकृती सिद्ध होते. बौद्ध चिंतनाशी नाते सांगणाऱ्या अशा कृतींत मौन हा विषय असतो की उपादान, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न होय.

नाम जून पाइक या कोरियन कलावंताच्या ‘टीव्ही बुद्ध’ (१९७४) या कृतीत बुद्धमूर्तीसमोर दूरचित्रवाणी संच असून, कॅमेऱ्याने टिपलेली तिचीच प्रतिमा त्यावर अखंड दिसते. तेथे काहीच घडत नाही. काही घडावे ही आपली अपेक्षा मात्र प्रेक्षकाच्या ध्यानात येते. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला जर्मन कलावंत वोल्फगांग लाइब याने १९७५ पासून ‘दुग्धशिला’ केल्या. पांढऱ्या संगमरवराच्या किंचित खोलगट शिळेत पृष्ठभाग सपाट दिसेपर्यंत दूध ओतावयाचे, मग ते काढून शिळा स्वच्छ करावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावयाची. दूध नासते, म्हणून कृती रोज नव्याने करावी लागते. अनित्यता येथे सांगितली जात नाही, आचरली जाते.

ही रीत वऱ्हाडास परकी नाही. वरूडलगतच्या मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, सालबर्डी येथे खडकात कोरलेले प्राचीन बौद्ध विहार आहेत. कोरीव विहारात शिरताच प्रकाश मंदावतो, पाऊल सावकाश पडते, आवाज घुमतो म्हणून बोलणे थांबते. तेथील मौन उपदेशाने नव्हे, रचनेने घडते.

तथापि मौन दोन प्रकारचे असते : स्वीकारलेले आणि लादलेले. दुसऱ्या प्रकारच्या मौनाला वाचा फोडण्यासाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास झालेल्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडच्या वस्त्यांतून जे बुद्धविहार उभे राहिले, तेथे वंदनेबरोबर सभा व वाचनही चालते. या प्रदेशातील प्रेक्षकाला बुद्ध केवळ ध्यानस्थ म्हणून परिचित नाही. मुक्यांस बोलते करणारा म्हणूनही तो परिचित आहे.

म्हणून अशा मांडणशिल्पाचे मूल्यमापन केवळ शांततेच्या अनुभवावर करणे अपुरे ठरते. ते मौन कोणी पत्करले आणि त्यात दुसऱ्याचे ऐकण्यास जागा उरते काय, हेही समीक्षकाने तपासावयास हवे.