मॅक्सीचे चॉकलेट

लपंडाव खेळताना एखादे लहान भावंड दोन्ही हातांनी डोळे झाकून अंगणाच्या मध्यभागीच उभे राहते आणि आपण लपलो, असे मानते. मुलांनो, हे तुम्ही पाहिले असेल आणि हसलाही असाल. परंतु वस्तू निराळी आणि वस्तूविषयीची समजूत निराळी, हा भेद कोणालाच जन्मतः ठाऊक नसतो.

तो केव्हा उमजतो? १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञांनी बालकांना एक लहानशी गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा आपले चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळावयास जातो. तो नसताना आई त्यातले थोडे केकसाठी घेते व उरलेले हिरव्या कपाटात ठेवते. मॅक्सी परत येतो. आता तो चॉकलेट कोठे शोधील?

‘निळ्या कपाटात,’ असे तुम्ही चटकन म्हणाल. चॉकलेट तेथे नाही, हे खरे. पण ते मॅक्सीला कोठे ठाऊक आहे? तथापि ३ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी एकानेही निळे कपाट दाखवले नाही! जे आपल्याला ठाऊक, ते मॅक्सीलाही ठाऊक, असेच ती धरून चालली. ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी मात्र शेकडा ८६ जणांचे उत्तर बरोबर आले.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. गोळ्यांची डबी उघडावी, तो आतून पेन्सिली निघाव्यात! ‘उघडण्यापूर्वी आत काय असेल असे तुला वाटले होते?’ असे विचारले, तर ३ वर्षांची पुष्कळ मुले खुशाल सांगतात, ‘पेन्सिली.’ म्हणजे स्वतःची क्षणापूर्वीची चुकीची समजूतही त्यांना उमगत नाही. घरोघरी अशा मुलाला खोटारडे म्हणतात, तो निव्वळ अन्याय होय. खोटे बोलावयाचे, तर दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत उत्पन्न करता येते, हे आधी कळावे लागते.

ही समज केवळ वयाने येत नाही. तिला संभाषणाचे खतपाणी लागते. ज्या कर्णबधिर मुलांचे आईवडील प्रथमपासून त्यांच्याशी खुणांच्या भाषेत बोलतात, त्यांना मॅक्सीसारख्या गोष्टीचे उत्तर इतर मुलांच्याच वयात येते. ज्यांच्या घरी ती भाषा कोणालाच येत नाही, त्यांना मात्र त्यासाठी अनेकदा कित्येक वर्षे अधिक लागतात.