आधी करडा, मग हिरवा

जुलैत खारघरच्या टेकड्यांसमोर रंगपेटी उघडून बसणाऱ्या नवशिक्याची पंचाईत ठरलेली. समोर सगळंच हिरवं. गवत हिरवं, झाडं हिरवी, डोंगर हिरवा, पांडवकड्याच्या धबधब्याभोवतीचा कातळसुद्धा शेवाळानं हिरवा. मग पेटीतले होते नव्हते ते सगळे हिरवे कागदावर उतरतात आणि तासाभरात चित्राची पालेभाजी होते. जवळचं झाड मागच्या डोंगराला चिकटून बसतं, अंतर म्हणून काही उरतच नाही.

अशा वेळी बहुतेक जण रंगाला दोष देतात, नवी महागडी ट्यूब आणतात. बिघडलेलं असतं ते उजेड-अंधाराचं गणित. चित्रकार त्याला ‘टोन’ किंवा ‘व्हॅल्यू’ म्हणतात : एखादी जागा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पट्टीवर नेमकी कुठे बसते. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रशिक्षकानं १९०५ साली रंगाचे तीन गुण वेगळे काढून दाखवले. रंग कोणता, तो किती उजळ किंवा गडद आणि किती तीव्र. उजळपणाच्या त्याच्या पट्टीत काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला दहा. लिंबाचा पिवळा या पट्टीत वर राहतो, गडद निळा तळाशी जातो. दोन वेगवेगळे हिरवे मात्र अगदी एकाच पायरीवर सापडू शकतात, आणि खारघरचा घोटाळा तिथेच होतो.

खरं तर आपल्याकडच्या मुलांना हे अनोळखी नाही. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रात छायाप्रकाश दाखवताना त्यांनी हेच केलेलं असतं. निसर्गचित्र म्हटलं की मात्र आकाश निळं, झाड हिरवं हा बालवाडीतला पाठ पुन्हा डोकं वर काढतो.

टोनची ताकद पाहायची तर सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर आठवावेत. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे निसर्गचित्र नव्हे. हातात समई घेतलेली, ज्योतीवर तळहाताचा आडोसा धरलेली ती स्त्री आहे. चित्र जलरंगातलं. पारदर्शक जलरंगात उजेड रंगानं आणता येत नाही, तो कागदाचा पांढरेपणा राखून मिळतो. बोटांवरची लाली पेटल्यासारखी दिसते, कारण आजूबाजूचा अंधार त्यांनी तितका खाली नेला आहे.

याच्या उलट खेळ क्लोद मोनेनं केला. १८७२च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मधला तो प्रसिद्ध नारिंगी सूर्य कृष्णधवल छपाईत जवळजवळ नाहीसा होतो. सूर्य आणि भोवतालचं आकाश यांचा उजळपणा जवळपास सारखाच आहे, फरक फक्त रंगाचा. हार्वर्डच्या मेंदुशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या मते त्या सूर्याची थरथर येते ती त्यामुळेच.

नवी मुंबईत सरावाला जागा भरपूर. पारसिकचा डोंगर शहराच्या पूर्वेला, त्यामुळे सकाळी ऊन त्याच्या मागून येतं आणि अख्खा डोंगर एक सलग गडद पट्टा होतो. नवशिक्यानं सकाळीच बसावं. संध्याकाळी तोच उतार समोरून उजळतो, झाडन् झाड दिसू लागतं आणि हात तपशिलात अडकतो.

रीत अगदी साधी. वहीत काडेपेटीएवढी चौकट काढायची. डोळे किलकिले करून समोर पाहायचं, म्हणजे पानं-फांद्या विरघळतात आणि चार-पाच मोठे आकार उरतात. त्यांना तीनच टोन द्यायचे. कागदाचा पांढरा आकाशाला, मधला करडा जमिनीला आणि उताराला, गडद करडा उभ्या झाडांना. हा क्रम मनाचा नाही. निसर्गचित्रकार जॉन कार्लसन यांनी १९२९च्या आपल्या पुस्तकात तो मांडला आहे : प्रकाश आकाशातून येतो म्हणून आकाश सर्वांत उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल, उतार त्याहून गडद, उभी झाडं सर्वांत गडद. दूरचा डोंगर हवेतल्या बाष्पानं फिका पडतो, ही त्यातली पुरवणी. पेन्सिलीचं झालं की तीच चौकट एका रंगात, पेन्स ग्रे किंवा बर्न्ट अंबरमध्ये करायची. जलरंग वाळला की फिका होतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्तच गडद वाटायला हवा. त्यानंतर हिरव्याकडे वळायचं. हिरव्याचं प्रत्येक मिश्रण आधी कागदाच्या पट्टीवर लावून त्या करड्या चौकटीशेजारी धरायचं. टोन जुळला तर हिरवा कुठला का असेना, चालतो.

मोबाइलवर फोटो कृष्णधवल करून पाहणं सोयीचं, पण झालेलं चित्र तपासण्यापुरतं. समोरच्या दृश्याच्या फोटोत कॅमेरा सावल्या पार काळ्या करतो. डोळ्याला त्या सावलीत पुष्कळ काही दिसत असतं.

कार्लसनचा क्रम ठाणे खाडीच्या काठावर मोडतो. ओहोटीला वाशी-नेरूळकडचा ओला चिखल आरशासारखा आकाश परतवतो आणि सपाट जमीन आकाशाइतकीच लख्ख होते. हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथे रोहित पक्षी उतरतात. मावळतीला खाडीकडे तोंड करून बसलेला नवशिका त्यांना हटकून फिका गुलाबी देतो आणि पक्षी पाण्यात हरवतात. सूर्य त्यांच्या मागे असतो, म्हणून तेव्हा ते पाण्यापेक्षा गडदच दिसतात. अंगाला जांभळट करडा आणि पाठीच्या उन्हानं उजळलेल्या कडेला तेवढी गुलाबी रेघ, इतक्यात त्यांचं काम भागतं.