आरोपीचे वय आणि आपली लेखणी

आमच्या जामसांवली परिसरात बाळाची जन्मतारीख विचारली, की काही आज्या अजूनही सणावारांच्या हिशेबाने उत्तर देतात. "पोळ्याला झाला जी, गोटमारीच्या आदल्या दिवशी." वर्ष विचारावे तर, "नदीला मोठा पूर आला होता, त्या साली." पुढे शाळेत नाव घालताना गुरुजी प्रवेशाच्या वयाशी जुळेल अशी जून-जुलैतील एखादी तारीख लिहितात आणि तीच त्या मुलाला जन्मभर चिकटते. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला ही तारीख लसीकरणासाठी आणि वजन-उंचीच्या तक्त्यासाठी लागते. तिच्यावर एखाद्याचे प्राणही अवलंबून असू शकतात, याची खरी जाणीव मात्र सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे काही निकाल वाचताना झाली.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच कुटुंबातील सात जणांची निर्घृण हत्या झाली. मृतांत पाच स्त्रिया आणि दोन बालके होती. १९९८ साली सत्र न्यायालयाने आरोपींना फाशी सुनावली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या आरोपींपैकी एकाने पुढे कारागृहातून आपल्या वयाचा प्रश्न उपस्थित केला. राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदवहीत त्याचे नाव वेगळे होते. म्हणून नोंदीतील मुलगा आणि कैदी एकच, हे सिद्ध करावे लागले. अखेर २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षांचे होते. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. (विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करू नये असे कायदा सांगतो, म्हणून नाव मुद्दाम देत नाही.) जानेवारी २०२५ मध्ये डेहराडूनच्या अशाच एका प्रकरणात, गुन्ह्याच्या वेळी १४ वर्षांच्या असलेल्या माणसाची सुमारे २५ वर्षांनी सुटका झाली.

या निकालांमुळे त्या हत्यांचे गांभीर्य तसूभरही कमी होत नाही. परंतु बालकाला फाशी देऊ नये, हा नियम कायद्याने शांत चित्ताने केलेला आहे. लोकक्षोभाच्या काळातही तो पाळला जातो की नाही, यातच त्याची कसोटी आहे.

कायदा काय सांगतो?

वय मोजायचे ते गुन्हा घडला त्या दिवशीचे, अटकेच्या किंवा खटल्याच्या दिवशीचे नव्हे. २००५ साली घटनापीठाने हे स्पष्ट केले. अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र. ते नसल्यास नगरपालिका अथवा पंचायतीचा जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तेव्हाच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे २०२४ च्या एका निकालातून स्पष्ट झाले आहे.

सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळाने करावयाचे असते. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राचा पदवीधर नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले.

वैद्यकशास्त्र काय सांगू शकते?

कोपर, मनगट, कटिप्रदेश येथील हाडांची टोके ठरावीक क्रमाने मुख्य हाडास जुळतात. क्ष-किरण चित्रात ते पाहून वयाचा अंदाज बांधता येतो. परंतु तो अंदाजच. आपण सर्रास वापरतो तो ग्रॉयलिख आणि पाइल यांचा ॲटलास अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या सुस्थितीतील गोऱ्या मुलांवरून तयार झाला. कुपोषित, दीर्घकाळ आजारी मुलांत हाडांची वाढ मागे राहते. काहींत वयात येणे लवकर होते. म्हणूनच क्ष-किरणावरील वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केले. वाढ पूर्ण झाल्यावर तर ही चाचणी फारसे काही सांगत नाही. पुण्याच्या प्रकरणातील त्या कैद्याची २००५ साली वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा अहवाल आला : वय २२ पेक्षा अधिक, ४० पेक्षा कमी!

येथे एक कबुली देतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात पोलिसांनी एका मुलाला वयाच्या दाखल्यासाठी माझ्यापुढे आणले होते. हवालदार घाईत होता, बाहेर रुग्णांची रांग होती. मी चित्र पाहिले आणि लिहिले : "वय १८ वर्षे." आज मी "१६ ते १९ वर्षांच्या दरम्यान" असे लिहीन. त्या मुलाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. त्याच्याजवळ शाळेचा कागद आहे का, एवढे विचारण्याचेही मला सुचले नव्हते.

आपण काय करावे?

डॉक्टर मित्रांनी वयाचा एकच आकडा न देता कक्षा लिहावी, कोणत्या सांध्यांवरून आणि दातांवरून अनुमान काढले ते नोंदवावे, चुकीची शक्यता स्पष्ट मांडावी. दोन मते संभवत असतील तेव्हा न्यायालयाने आरोपी अल्पवयीन असल्याच्या बाजूने झुकावे, असे २००० सालच्या एका निकालात म्हटले आहे. पण आपण शंका कागदावर उतरवली, तरच तिचा लाभ त्याला मिळेल.

समाजबांधवांना विनंती, की बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. विलंब झाला असेल तरीही टाळू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच आधारभूत धरला जातो. दवाखान्यातील नोंद, पंचायतीतील नोंद आणि शाळेतील नोंद यांत नाव व तारीख एकच असावी.

आपले मूल कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहील, असे कोणत्याही मातापित्यांच्या मनात येत नाही, आणि येऊही नये. पण ज्यांची मुले तेथे उभी राहतात, त्यांच्याजवळ बहुधा कागदच नसतो. जन्माच्या दिवशी आपण दोन मिनिटे थांबून लिहिलेली अचूक तारीख अशा एखाद्या मुलाच्या बाजूची एकमेव साक्ष ठरू शकते.