येळवस आणि पाहुणचाराचा हिशेब

पाहुण्यांना शेतावर जेवू घालणे ही बीदर-कलबुर्गी भागातील जुनी रीत आहे. मार्गशीर्ष अमावास्येला आपल्याकडे येळवस असते. कन्नड भाषिक तिला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. त्या दिवशी सारे गाव शिवारात लोटते. कडब्याची कोप करून पूजा होते, नैवेद्याचे अन्न पिकात शिंपडतात, आणि मग भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे यांचे जेवण होते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला. येळवस मात्र दोन्हीकडे राहिली.

असाच पाहुणचार मोबदला घेऊन केला की त्याला कृषी पर्यटन म्हणतात. श्री. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामतीजवळ हा प्रयोग सुरू केला. २०२० साली महाराष्ट्र शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले.

वाणिज्यदृष्ट्या यात तथ्य आहे. तुरीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तोही पावसाच्या भरवशावर. पाहुण्यांचा पैसा अधूनमधून येत राहतो. पण तूर भाव येईपर्यंत ठेवता येते, खोलीचे तसे नाही. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही.

भालकी तालुक्यात मामांच्या शेतावर आम्ही घरची मंडळी येळवशीला गेलो, तेव्हा मामांनी अशाच दोन खोल्यांचा बेत सांगितला. सिमेंट, हप्ता, धान्य, सरपण असा सारा खर्च त्यांनी वहीत मांडला होता. मामी एवढेच म्हणाल्या, "जेवू घालून पैसे कसे घ्यावेत?"

मला वाटते, पैसे आपुलकीचे घ्यायचे नसतात, कष्टाचे घ्यायचे असतात. मामी त्या दिवशी पहाटे तीनला उठल्या होत्या. वर्षातून एकदा तो सण असतो. दर शनिवार-रविवारी तेच केले तर ती मजुरी होते. त्या वहीत मामींच्या मजुरीचा रकाना नव्हता. तो सोडून काढलेला नफा हा नफा नव्हेच, ती घरच्या बाईची न दिलेली मजुरी होय.

म्हणून आपल्या भागात असा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी खोलीचे भाडे ठरवण्याआधी भाकरी थापणाऱ्या हातांची मजुरी मांडावी आणि ती त्यांच्याच हाती द्यावी. येळवशीची पंगत मात्र हिशेबाबाहेरच राहू द्यावी.